काढायला इम्पॅक्ट, आवळायला हात

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

गाडी दुरुस्त करताना सगळ्यात जास्त वेळ कशात जातो, सांगा पाहू? बिघाड शोधण्यात? नवीन पार्ट बसवण्यात? अजिबात नाही. वेळ जातो एखाद्या बोल्टपर्यंत पोहोचण्यात! पाना बोल्टवर बसतो, पण फिरवायला जागा नसते. फिरवायला जागा असली, तर बोल्ट दिसत नाही. आणि दिसला, तर तो गंजून असा बसलेला असतो की जणू रेक्टरच्या सहीसाठी थांबलाय.

या अडचणीवर आजकाल गॅरेजमध्ये सर्रास दिसणारा उपाय म्हणजे कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रायव्हर. पिस्तुलासारखा दिसतो, बॅटरीवर चालतो आणि सुरू झाला की 'टर्रर्र' असा आवाज करतो. आपल्या वर्कशॉपमध्येही तो आहे. पण तो ड्रिलपेक्षा वेगळा कसा, अडचणीच्या जागी कसा वापरायचा आणि मुख्य म्हणजे कुठे वापरायचा नाही, हे आपल्या सिलॅबसमध्ये कुठेच नाही. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते. माझं शाळेचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. थ्रेड, टॉर्क, सॉकेट हे शब्द मी पुस्तकात वाचले. आटे, आवळणं, गोटी हे शब्द वर्कशॉपमधल्या काकांनी शिकवले. त्यामुळे या लेखात दोन्ही भाषा एकत्र नांदतील, आपल्या मेसमधल्या सांबार आणि आमटीसारख्या. कुठली कुठे संपते ते शोधत बसू नका!

तीन सारखी दिसणारी भावंडं

पहिलं भावंड म्हणजे कॉर्डलेस ड्रिल. पुढे तीन जबड्यांचा चक असतो, मोटर सरळ गिअरमधून तो चक फिरवते. जोर जास्त लागला की ड्रिल आपलंच मनगट उलटं पिरगाळतं. ज्यांनी भिंतीत भोक पाडताना बिट अडकलेलं अनुभवलंय, त्यांना हे समजावून सांगायला नको.

दुसरं भावंड म्हणजे आपला इम्पॅक्ट ड्रायव्हर. याच्या तोंडाला पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचं षटकोनी भोक असतं. कॉलर ओढायची, बिट आत सरकवायचा, झालं. साधारण १२ व्होल्टच्या मशीनचा जास्तीत जास्त टॉर्क १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, तर १८ व्होल्टवाल्यांचा १५० ते २०० च्या दरम्यान. डोक्याची लांबी फक्त १२-१४ सेंटिमीटर, म्हणजे एका वितीपेक्षाही कमी.

तिसरं भावंड म्हणजे इम्पॅक्ट रेंच. त्याच्या तोंडाला चौकोनी दांडा असतो, त्यावर गोटी बसते. ताकद खूप जास्त, पण अंगानेही तसाच दांडगा. चाकाचे नट, सस्पेन्शनचे मोठे बोल्ट हे त्याचं काम. बॉनेटखालच्या गर्दीत मात्र त्याला शिरता येत नाही. तिथे धाकटा भाऊच उपयोगी पडतो.

आत नक्की काय चालतं?

नाव ऐकून वाटतं की हे मशीन बोल्टवर समोरून ठोके मारत असेल. तसं नाही. ठोके बसतात ते फिरण्याच्या दिशेने.

आत तीन मुख्य गोष्टी आहेत : घण, ऐरण आणि स्प्रिंग. लोहाराच्या भट्टीतलीच जोडी म्हणा ना! मोटर प्लॅनेटरी गिअरमधून एक दांडा फिरवते. त्या दांड्यावर इंग्रजी 'व्ही' आकाराच्या खाचा असतात आणि खाचांमध्ये पोलादी गोळ्या. या गोळ्यांवर घण बसलेला असतो, मागून स्प्रिंग त्याला पुढे ढकलत असते. घणाला दोन दात असतात, ते ऐरणीच्या दोन दातांना ढकलून ऐरण फिरवतात. बिट ऐरणीलाच जोडलेला असतो.

स्क्रू सैल असेल तोपर्यंत सगळे एकत्र गोल फिरतात, आवाज नाही. जोर वाढला की ऐरण थांबते, घणही अडतो, पण दांडा फिरतच राहतो. मग गोळ्या खाचांवरून सरकतात आणि घणाला मागे ओढतात. स्प्रिंग दाबली जाते. घणाचे दात ऐरणीच्या दातांवरून सुटले की स्प्रिंग घणाला पुढे फेकते, घण वेगाने फिरत येतो आणि पुढच्या दातावर आदळतो. टण्ण! मिनिटाला असे साधारण ३००० ठोके. तोच तो 'टर्रर्र'.

आता थोडं गणित (घाबरू नका)

समजा घणाचं वजन २०० ग्रॅम आणि त्रिज्या २ सेंटिमीटर आहे. भरीव चकती धरली तर जडत्वाचा मोमेंट, म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, येतो ०.००००४ किलो-मीटर वर्ग. घण मिनिटाला २५०० फेऱ्यांनी आदळतो असं धरू, म्हणजे सेकंदाला सुमारे २६२ रेडियन. दोन्हींचा गुणाकार केला की कोनीय संवेग येतो साधारण ०.०१०५.

हा संवेग ठोक्याच्या क्षणी एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात संपला, तर टॉर्क किती? ०.०१०५ भागिले ०.०००१, म्हणजे १०५ न्यूटन-मीटर. बोल्टला बसतो तो हा!

आणि आपल्या हाताला? मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला ५० ठोके. ५० गुणिले ०.०१०५ म्हणजे सरासरी सुमारे अर्धा न्यूटन-मीटर. आकडे मी समजून चालण्यासाठी धरलेत, प्रत्येक मशीनमध्ये ते थोडे वेगळे असतील. पण मुद्दा तोच राहतो : बोल्टला शंभर, हाताला एक-दोन. कारण हाताला ठोक्याचा टॉर्क जाणवत नाही, फक्त मोटर घणाला पुन्हा वेग देते तेवढाच उलटा पीळ जाणवतो.

या एका गोष्टीतून पुढचं सगळं निघतं. एक हात कोपरापर्यंत इंजिनच्या मागे घातलाय, पाय टेकायला जागा नाही, मनगट वाकडं झालंय, अशा वेळी लांब पान्यावर जोर लावताच येत नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हरला अशा जोराची गरजच नसते. आमच्या बॅचमध्ये मुली मोजक्याच. 'ताकदीचं काम आहे, तू बाजूला हो' हे वाक्य आम्ही पहिल्या वर्षापासून ऐकत आलोय. त्या वाक्याला या मशीनने परस्पर उत्तर दिलं, आम्हाला भांडावं लागलं नाही!

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. हाताला कळत नाही, म्हणजे खरोखरच कळत नाही. बोल्ट सुटतोय, आवळला जातोय की तुटायला आलाय, याची काहीच खबर हाताला मिळत नाही. त्याकडे आपण नंतर येऊ.

अंतराळातून गॅरेजपर्यंत

हाताला उलटा पीळ बसू नये ही गरज सगळ्यात जास्त कुणाला असेल? अंतराळवीराला! तिथे जमीनच नाही. साध्या मशीनने बोल्ट फिरवायला गेलं तर बोल्ट जागेवर आणि अंतराळवीर गोल! म्हणून १९६० च्या दशकात नासाच्या जेमिनी कार्यक्रमासाठी मार्टिन मारिएटा कंपनीने ब्लॅक अँड डेकरकडून असं बॅटरीवरचं अवजार बनवून घेतलं, जे बोल्ट फिरवेल पण माणसाला फिरवणार नाही. त्याच ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये बॅटरीवर चालणारं ड्रिल बाजारात आणलं होतं.

पुढे खरा फरक पडला तो बॅटरीमुळे. लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणले, आणि २००५ च्या सुमारास ते मोठ्या अवजारांमध्ये आले. या बॅटरीवरच्या कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीने जोडलेले असतात. पॅक ४ अँपिअर-अवरचा असेल तर ७२ वॉट-अवर ऊर्जा मिळते, तीही मुठीएवढ्या डब्यात. वायर नाही, हवेचा पाइप नाही, म्हणूनच हे मशीन गाडीखाली, फेंडरच्या आत, कुठेही शिरतं.

अडचणीची जागा तीन प्रकारची

आता मुख्य विषय. 'जागा नाही' असं आपण सरसकट म्हणतो, पण जागा नसण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. हात घालण्याआधी हे ओळखलं तर निम्मं काम झालं.

पहिला प्रकार : पाना फिरवायला जागा नाही. बोल्टच्या मागे सरळ रेषेत जागा मोकळी आहे, पण आजूबाजूला पाइप, ब्रॅकेट, वायरिंग. इथे पान्याची दांडी जेमतेम १५ अंश हलते. हिशोब करून बघा. एम ८ बोल्टचा पिच १.२५ मिलिमीटर. आटे २५ मिलिमीटर आत गेले असतील तर २० फेरे लागणार. एका फेऱ्याला १५ अंशांचे २४ झटके, म्हणजे एकूण ४८० झटके. एका बोल्टला! इम्पॅक्ट ड्रायव्हरला दांडी फिरवावीच लागत नाही, तो हेच काम दोन-तीन सेकंदांत करतो. हा त्याचा हक्काचा प्रकार.

दुसरा प्रकार : बोल्टच्या मागे खोली नाही. हल्लीच्या छोट्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्यांमध्ये इंजिन आडवं बसवलेलं असतं. पट्ट्याच्या बाजूला पुली आणि बॉडी यांच्यात कधीकधी चार बोटांचंच अंतर राहतं. ड्रायव्हरचं डोकं १२-१४ सेंटिमीटर, त्यात अडॅप्टर आणि गोटी मिळवली की १८-२० सेंटिमीटर. मशीन तिथे शिरणारच नाही. इथे हट्ट करू नका. रिंग पाना किंवा बारीक दातांचा रॅचेट घ्या. ७२ दातांचा रॅचेट ५ अंशांच्या हालचालीतही पुढचा दात पकडतो. फिक्स पान्याचं तोंड १५ अंश तिरकं असतं, ते उगीच नाही. पाना पालटून लावला की ३० अंशांच्या जागेत काम होतं.

तिसरा प्रकार : जागा आहे पण नजर पोहोचत नाही. स्टार्टर मोटरचा मागचा बोल्ट घ्या. इथे आधी बोटाने बोल्टचं डोकं चाचपायचं, गोटी हाताने बसवायची, ती पूर्ण खाली टेकलीय का ते हलवून बघायचं आणि मगच मागून मशीन जोडायचं. आंधळेपणाने ट्रिगर दाबला तर अर्धवट बसलेली गोटी डोक्याचे कोपरे गोल करून टाकते. मग १४ नंबरचा बोल्ट धड १४ चा राहत नाही, १३ चाही होत नाही!

या तिन्ही प्रकारांना लागू असलेली एक गंमत (आणि धोका) सांगते. बोल्ट सुटताना बाहेर येतो आणि मशीनला मागे ढकलतो. मागे बॉडीचा पत्रा असेल तर बोल्ट आणि पत्रा यांच्यामध्ये मशीन जॅम होऊन बसतं. ना पुढे, ना मागे. मध्ये बोटं असतील तर बोटंही चेपतात. अल्टरनेटरच्या खालच्या लांब बोल्टला हे हमखास होतं. म्हणून आधी बघायचं : बोल्ट पूर्ण बाहेर यायला जागा आहे का? नसेल तर मशीनने फक्त सैल करायचा, बाकी हाताने.

तोंडाला काय लावायचं?

मशीनएवढंच महत्त्व पुढच्या जोडणीला आहे.

गोटी नेहमी इम्पॅक्टचीच घ्या. ती काळी असते, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची, जाड भिंतीची आणि आतून सहा कोनांची. चकचकीत क्रोम-व्हॅनेडियमची गोटी हाताने वापरण्यासाठी असते. ती जास्त कडक असल्यामुळे ठोक्यांनी तडकू शकते आणि तिचा तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. बारा कोनांची गोटी तर कोपऱ्यांवरच पकड घेते, त्यामुळे गंजलेल्या बोल्टला नकोच.

एक्स्टेंशन जितकं लांब आणि बारीक तितका ठोका कमी पोहोचतो. कारण दांडा स्वतःच पिळाच्या स्प्रिंगसारखा वागतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये शिकलोय ना, पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो? व्यास निम्मा केला तर दांडा सोळा पट मऊ होतो! परीक्षेत पाच मार्कांना येणारं हे सूत्र इथे प्रत्यक्ष दिसतं. म्हणून शक्य तितका आखूड आणि जाड दांडा वापरा.

युनिव्हर्सल जॉइंट लागलाच तर इम्पॅक्टसाठी बनवलेला घ्या आणि कोन कमी ठेवा. कोन वाढला की गोटी थरथरते आणि सुटते. काटकोनी अटॅचमेंटही मिळते, तिने दुसऱ्या प्रकारच्या जागेत थोडी मदत होते. पण तिच्यावर लिहिलेली टॉर्कची मर्यादा मशीनपेक्षा कमी असू शकते, ती वाचून घ्या.

आणि फुली स्क्रू? अमेरिकन फिलिप्स आणि जपानी जेआयएस दोन्ही सारखेच दिसतात, पण खाचेचा आकार वेगळा असतो. जपानी बनावटीच्या गाडीवर फिलिप्स बिट नीट टेकत नाही, घसरतो आणि फुली खाऊन टाकतो. योग्य बिट आणि मागून भक्कम दाब, हाच त्यावर उपाय.

गंजलेला बोल्ट काढण्याची पद्धत

१. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, चाकांना ठोकळे लावून उभी करा. गाडी उचलायची असेल तर जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा.

२. स्टार्टर किंवा अल्टरनेटरजवळ काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. नाहीतर लोखंडी गोटी टर्मिनल आणि बॉडी यांना जोडते आणि दिवाळी तिथेच होते.

३. तारेच्या ब्रशने आटे आणि डोकं साफ करा. गंज सोडवणारं तेल मारा आणि थांबा. चहा पिऊन या. घाई केली तर तेलाला आत झिरपायला वेळ मिळत नाही.

४. गोटी हाताने पूर्ण बसवा. मशीनची दिशा बघा (हसू नका, उलट दिशेने आवळत बसलेले वीर मी पाहिलेत). कमी वेगाचा मोड निवडा.

५. दोन-तीन सेकंदांचे छोटे झटके द्या. सुटला नाही तर एक झटका आवळण्याच्या दिशेने, पुन्हा सोडण्याच्या दिशेने. गंजाची पकड अशा हलवण्याने मोडत जाते.

६. दहा-बारा सेकंदांत काहीच हललं नाही तर थांबा. पुन्हा तेल, किंवा मोठी दांडी. ठोके मारत राहिलं तर बोल्ट आणि मशीन दोन्ही तापतात आणि बारीक बोल्टचं डोकं तुटून हातात येतं.

७. सुटल्यावर शेवटचे दोन-तीन आटे हाताने काढा, म्हणजे बोल्ट इंजिनच्या तळाशी हरवत नाही.

मग आवळायला का नाही?

आता वर राहिलेल्या मुद्द्याकडे येते. बोल्ट आवळतो म्हणजे आपण काय करतो? त्याला थोडासा ताणतो. ताणलेला बोल्ट स्प्रिंगसारखा दोन भाग दाबून धरतो. पण लावलेल्या टॉर्कपैकी साधारण ५० टक्के बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि फक्त १० टक्क्यांच्या आसपास खरा ताण देतो. म्हणजे घर्षण थोडं बदललं की ताण खूप बदलतो. आट्यांवर तेल राहिलं तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून काढताना मारलेलं तेल बसवण्याआधी पुसून घ्यायचं.

आता आकडे बघा. ८.८ ग्रेडच्या एम ६ बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, एम ८ ला २५, एम १० ला ५० च्या आत-बाहेर. आणि आपल्या हातात १५० चं मशीन! एम ६ साठी पंधरा पट. सेकंदाला ५० ठोके पडत असताना 'आता पुरे' असं वाटून बोट उचलेपर्यंत दहा-पंधरा ठोके जास्तीचे पडलेले असतात.

हे फक्त पुस्तकी नाही. मागच्या पावसाळ्यात आम्ही पाच जणी एका मैत्रिणीच्या घरच्या गाडीने माळशेज घाटात गेलो होतो. येताना, ओतूरच्या अलीकडे, चाक पंक्चर. स्टेपनी होती, जॅक होता, एल पाना होता. नट मात्र हलेना! त्या गाडीची चाकं आधीच्या आठवड्यात एका गॅरेजमध्ये हवेच्या गनने आवळलेली होती. गनमध्येही हाच घण आणि हीच ऐरण, ताकद मात्र कितीतरी जास्त. आमच्यातली एक जण पान्यावर उभी राहिली. पाना २५ सेंटिमीटरचा, तिचं वजन ५० किलो, म्हणजे जवळजवळ १२५ न्यूटन-मीटर. छोट्या गाडीच्या नटाला ८५ ते ११० च्या दरम्यान टॉर्क सांगितलेला असतो. तरी नट ढिम्म. पाऊस, धुकं, वळणावरून येणारे ट्रक, आणि मोबाइलला रेंज नाही. शेवटी एक ट्रकवाले दादा थांबले, त्यांनी पान्यावर लांब पाइप चढवला आणि नट सुटले. सगळ्यात शेवटचा नट सुटताना असा कडकन आवाज झाला की आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी त्या चाकाचे स्टड तपासले, तर एकाचे आटे ओढले गेले होते. नवा नट हाताने दोन फेरे जायचा आणि अडायचा. स्टड कायमचा ताणला गेल्याची ही खूण. असा स्टड आज धरून ठेवतो, उद्या घाटात तुटतो. तो बदलला. ज्याने नट आवळले त्याला वाटलं असेल, घट्ट म्हणजे सुरक्षित. पण नट रस्त्यात हाताने सुटला पाहिजे, हाही सुरक्षिततेचाच भाग आहे.

म्हणून आवळताना हा क्रम : पहिले तीन-चार आटे बोटांनी फिरवा, म्हणजे आटे आडवे चढत नाहीत. लांब बोल्ट असेल तर मशीन अगदी कमी वेगावर, आणि ठोके सुरू होण्याआधीच थांबवा. 'टर्र' ऐकू आलं की तुमचं मशीनचं काम संपलं. शेवटचा जोर टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि ५०-१०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासा.

टॉर्क रेंच त्या अडचणीच्या जागी जात नसेल तर? क्रोफूट नावाचं उघड्या तोंडाचं जोड मिळतं. ते रेंचच्या दांडीला काटकोनात लावलं तर आकडा जवळपास बदलत नाही. तेही नसेल तर साधा रिंग पाना आणि अंदाज : १५ सेंटिमीटरच्या पान्यावर सुमारे १७ किलोचा ओढा म्हणजे २५ न्यूटन-मीटर, एम ८ ला पुरेसा. वजनकाट्याचा हूक पान्याला लावून एकदा ओढून बघा, १७ किलो म्हणजे किती ते हाताच्या कायम लक्षात राहतं. मशीनला ही आठवण नसते.

इथे अजिबात नाही

- स्पार्क प्लग : अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की खर्च मोठा. काढायलाही हात आणि लावायलाही हात.
- ऑइल ड्रेन प्लग लावताना : चेंबरचे आटे जातात आणि महिनाभर पार्किंगमध्ये तेलाचे डाग पडत राहतात.
- सस्पेन्शनचा स्प्रिंग कॉम्प्रेसर : दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जखमी होतो. हाताने, हळूहळू, दोन्ही बाजू सारख्या.
- प्लास्टिकमध्ये जाणारे स्क्रू, सेन्सर, ब्रेकच्या पाइपचे नट : इथे बोटांची जाणीवच कामाची.

थोडं स्वतःबद्दल

गॉगल घाला, गाडीखालून वर बघताना गंजाची पूड थेट डोळ्यांत येते. कानात प्लग घाला. या मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो आणि फेंडरच्या पत्र्यात तो आणखी घुमतो. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस, मोठे हातमोजे यांतलं काहीही फिरत्या गोटीजवळ नको. आणि बॅटरी मे महिन्यात बंद गाडीत किंवा हॉस्टेलच्या गादीवर चार्जिंगला लावून ठेवू नका. उष्णता लिथियम सेलला मानवत नाही (आणि रेक्टरसरांनाही!).

थोडक्यात काय, तर हे मशीन आपल्याला जोर देतं आणि त्या बदल्यात आपली जाणीव काढून घेतं. बोल्ट काढताना जाणिवेची गरज कमी आणि जोराची जास्त, म्हणून तिथे सौदा फायद्याचा. आवळताना नेमकं उलटं. वर्कशॉपमधले काका हे सगळं चार शब्दांत सांगतात, आणि त्यांच्या टेबलवरच्या पत्र्यावर खडूने लिहूनही ठेवतात : काढायला इम्पॅक्ट, आवळायला हात.

पुढच्या वेळी वर्कशॉपमध्ये मशीन हातात घ्याल तेव्हा आधी टॉर्क रेंच कुठे टांगलाय ते बघून ठेवा. आणि सुट्टीत घरी गेलात की घरच्या गाडीचा एल पाना काढा आणि चारही चाकांचे नट एकदा हाताने सैल करून, पुन्हा बरोबर आवळून बघा. आईबाबा विचारतील, इंजिनिअरिंगला हेच शिकवतात का? सांगा, हो, हेच.